पोचलेले पत्र आणि हाती आलेले पत्र

पत्र पोचणे आणि पत्र हाती येणे या दोन गोष्टी एकच, असे आपण सहसा धरून चालतो. एडवणसारख्या किनाऱ्यावरच्या गावात मात्र त्यांतला भेद फोड करून सांगण्याची गरज पडू नये. घरचा कर्ता माणूस होडीवर गेलेला असतो, किंवा सफाळ्याहून पहाटेची गाडी धरून बोईसरला नाहीतर मुंबईला कामावर गेलेला असतो. पोस्टमन येतो तेव्हा तो घरी नसतो. १८९८ च्या टपाल कायद्याने घरी दिलेले पत्र म्हणजे धन्याला दिलेले पत्र असेच मानले होते. धनी ते रात्री येऊन उघडतो. या दोन वेळांमधले अंतर कोणाच्या ताब्यात असते? ई-मेलचा इतिहास मी याच प्रश्नाच्या अंगाने आपल्यापुढे मांडणार आहे.

एका संगणकावरून दुसऱ्यावर, जाळ्यामार्फत पहिले पत्र अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाठविले. त्या काळचे संगणक मोठे, संस्थांच्या मालकीचे आणि अहोरात्र चालू राहणारे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी पत्रे पोचविण्याचा जो नियम प्रसिद्ध केला, त्यात घेणारे यंत्र जागे आहे हे गृहीतच होते. परंतु लवकरच टेबलावर मावणारे छोटे संगणक आले, आणि ते संध्याकाळी बंद होऊ लागले. पोस्टमन दारात आणि दाराला कुलूप, अशी अवस्था झाली.

तोड निघाली ती जुन्याच रिवाजातून. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉयस रेनॉल्ड्स यांनी एक नियमावली प्रसिद्ध केली आणि तिचे नावच ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’, म्हणजे ‘पॉप’, असे ठेवले. पत्रे सदैव चालू असलेल्या यंत्रावर थांबावीत आणि धन्याने सवडीने येऊन उचलावीत, एवढाच तिचा अर्थ. १९८८ साली तिची तिसरी आवृत्ती आली. आजही जी चालते ती हीच, १९९६ साली नीटनेटकी केलेली. तिचे संभाषण कोणत्याही कारकुनाला समजावे इतके साधे आहे. नाव सांगा, परवलीचा शब्द सांगा, किती पत्रे आहेत ते विचारा, अमुक क्रमांकाचे पत्र मागा, नको असलेले काढून टाकायला सांगा आणि निरोप घ्या. यात एक शहाणपण मुद्दाम घातलेले आहे. पत्र खरोखर नष्ट होते ते निरोप घेतल्यानंतरच. मध्येच लाईन तुटली तर एकही पत्र जात नाही.

आपल्याकडे याची सुरुवात मुंबईत झाली. १९८६-८७ च्या सुमारास ‘अर्नेट’ या प्रकल्पात जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून पत्रे जाऊ-येऊ लागली. जुहूच्या केंद्राचे संचालक श्रीनिवासन रमणी हे या कामाच्या अग्रभागी होते. यंत्रे एकमेकांना ठरावीक वेळी फोन लावीत आणि साठलेला गठ्ठा बदलून घेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. तेव्हा टेलिफोनचा प्रत्येक मिनिट मोजावा लागे. म्हणून ज्यांना शक्य होते ते लाईन जोडीत, ‘पॉप’ने पत्रे घरी ओढीत, लाईन तोडीत आणि मग निवांत वाचीत. पत्र त्यांच्याच यंत्रात राही.

दुसरा मार्ग मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ साली काढला. त्याचे नाव ‘आयमॅप’. यात पत्रे टपालघरातच राहतात आणि धनी दुरून ती चाळतो. कोणते वाचले आणि कोणते नाही, याची खूणही तिथेच राहते. दोन-तीन यंत्रांवरून पत्र पाहणाऱ्याची मोठी सोय झाली. पण ज्याच्या मालकीचे टपालघर, त्याच्याकडे पत्रे आणि खुणा दोन्ही राहिल्या, हेही विसरून चालणार नाही.

आता ‘लायब्ररी’ म्हणजे काय? कारखान्यातला फिटर प्रत्येक बोल्ट स्वतः कातीत बसत नाही. ठरलेल्या आट्यांचा तयार बोल्ट घेतो आणि तो कोणत्याही तशाच नटात बसतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यासाठी लायब्ररी म्हणजे अशा तयार भागांची पेटी. ‘पायथन’ या भाषेबरोबर ‘पॉपलिब’ आणि ‘आयमॅपलिब’ या पेट्या फुकट मिळतात. आठ-दहा ओळींत पत्रपेटी उघडावी, आजची पत्रे शोधावी, एकेक आणून फाईलमध्ये ठेवावे, इतके काम होते. युनियनच्या कचेरीतली आवक नोंदवहीही अशी आपोआप भरता येते. हे शक्य झाले ते नियम उघड्यावर छापलेले आणि सर्वांना मोफत होते म्हणून.

पण पेटीलाही राखणारा लागतो. क्रिस्पिन यांनीच लिहिलेल्या ‘सी-क्लायंट’ नावाच्या लायब्ररीवर ‘पीएचपी’ भाषेतली पत्रे आणण्याची सोय वर्षानुवर्षे उभी होती. ते २०१२ च्या डिसेंबरात वारले. लायब्ररीची निगा थांबली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘पीएचपी’च्या ८.४ या आवृत्तीतून ती सोय मूळ संचाबाहेर काढली गेली. हजारोंचे काम ज्याच्या श्रमावर चालते, तो माणूस गेल्यावरच लोकांच्या ध्यानी येतो. कामगारांना हे नवे नाही.

मित्रहो, हे सारे यंत्रज्ञांचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पूर्वी कारखान्यातल्या सूचना फलकावर लागत. १९४६ च्या कायद्याने तर स्थायी आदेश प्रवेशद्वाराजवळ, बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावणे बंधनकारक केले होते. आता बदलीचा हुकूम, खुलाशाची नोटीस ई-मेलने येते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचे कलम १३ सांगते की, वेगळा करार नसेल तर, घेणाऱ्याने नेमून दिलेल्या पत्त्यावरच्या संगणकात पत्र शिरले की ते मिळाले. त्याने उघडले की नाही, हा प्रश्नच नाही. नेमून दिलेला पत्ता सोडून त्याच्या दुसऱ्या पत्त्यावर पाठविले, तर मात्र त्याने ते उचलले तेव्हा मिळाले. दिवसपाळी संपवून रात्री घरी येणाऱ्या माणसाची मुदत कधी सुरू होते, ते या एका ओळीवर ठरते.

आणि पेटीची किल्ली? २०२२ साली गूगलने आणि मायक्रोसॉफ्टने नुसत्या परवलीच्या शब्दावर बाहेरच्या प्रोग्रॅमला पत्रे देण्याची जुनी पद्धत बहुतांशी बंद केली. चोऱ्या वाढल्या होत्या, तेव्हा कारण खोटे नव्हते. पण कंपनीच्या पेटीत कोणता प्रोग्रॅम शिरावा, याची परवानगी आता तिथला व्यवस्थापक देतो किंवा नाकारतो. नोकरी सुटली की पेटी बंद होते, आणि माणूस आपल्याच पत्रांना पारखा होतो. दाद मागायची वेळ येते तीही नेमकी तेव्हाच.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. कोणता पत्ता आपण नेमून दिला आहे, ते लेखी ठेवा. कंपनीचा नव्हे, स्वतःचा द्या, आणि तो रोज पाहा. आपल्या नावाचे पत्र पडद्याच्या फोटोत नव्हे, मूळ रूपात उतरवून ठेवा. पत्र ज्या ज्या यंत्रातून आले, त्याने त्यावर टपालाच्या शिक्क्यासारखी वेळेची एक ओळ उमटवलेली असते. फोटोत ती नसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशी नोंद प्रमाणपत्रासह पुराव्यात देता येते. घरातल्या शिकलेल्या मुला-मुलींना त्या आठ-दहा ओळी लिहायला सांगा. नियम गेली चाळीस वर्षे उघड्यावर छापलेला आहे. तो वाचायला कोणाचीही परवानगी लागत नाही.