लाल वही आणि सुताराचा भाव

तर झालं असं. मावसबहिणीच्या नव्या फ्लॅटचं काम निघालंय. डिझायनर मुलीने हॉलची थ्रीडी चित्रं पाठवली. पडद्यावर बोट सरकवलं की एकीकडे बिल्डरने दिलेला ओकाबोका हॉल, दुसरीकडे होणारा हॉल. आम्ही पाळीपाळीने बोट सरकवत बसलो. मग ताई हळूच म्हणाली, "हीच चित्रं आपल्या सुताराला दाखवली तर? बऱ्याच कमी पैशात करून देईल."

मला हम्फ्री रेप्टन आठवला.

हा इंग्रज गृहस्थ कापडाच्या धंद्यात बुडाला आणि १७८८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, जमीनदारांना बागा आखून देऊ लागला. अडचण अशी, की नुसत्या नकाशावरून आपल्या खिडकीतून उद्या काय दिसेल ते गिऱ्हाइकाला कळत नाही. रेप्टनला चित्रकला येत होती. तो जागेचं जलरंगात चित्र काढायचा आणि त्यावर कागदाची एक झडप चिकटवायचा. झडप मिटलेली असताना जागा आज आहे तशी, उचलली की होणार तशी. शेजारी सूचना हाताने लिहिलेल्या. लाल चामड्यात बांधायचा, म्हणून 'रेड बुक'. झडप मालकाने स्वतः उचलायची, यातच सगळी गंमत! आमचं बोट सरकवणं त्याचंच नातवंड.

लबाडीही तिथलीच. १८१६च्या पुस्तकात त्याने स्वतःच्या एसेक्समधल्या घरासमोरचा देखावा दिलाय. झडप मिटलेली असताना खाटकाच्या दुकानात टांगलेलं मांस आणि कुंपणाशी एक अपंग भिकारी. उचलली की फुलंच फुलं. कुंपण पुढे सरकलंय, गावाच्या जागेचा तुकडा आत आलाय आणि भिकारी नाहीसा झालाय. तो कुठे गेला, हे झडप सांगत नाही.

पण खरं दुखणं पैशाचं. त्याच्या आधीचा नामांकित 'कॅपेबिलिटी' ब्राऊन काम अंगावर घेऊन पुरं करून द्यायचा. रेप्टन बहुधा फक्त सल्ला आणि वही द्यायचा. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (१८१४) त्याचा रोजचा पाच गिनींचा दर आलाय, म्हणजे नाव भरपूर होतं. पण वही मालकाच्या घरी राहायची. पुढे काम करायचं की नाही, किती आणि कोणाकडून, ते मालक ठरवणार.

सगळ्यात मोठा फटका ब्रायटनला बसला. युवराजांसाठी त्याने १८०६ साली तिथल्या महालाचा आराखडा केला, चक्क हिंदुस्थानी घाटाचा. त्यामागे डॅनियल काका-पुतण्यांनी हिंदुस्थानात फिरून केलेली चित्रं होती. (त्यांच्या संग्रहात आपलं वेरूळही आहे.) युवराज खूश झाले, पण काम झालं नाही. १८१५मध्ये ते सुरू झालं तेव्हा जॉन नॅशकडे गेलं. हा नॅश रेप्टनचा एकेकाळचा भागीदार! घुमट उभे राहिले ते नॅशच्या नावावर. रेप्टन १८११च्या गाडीच्या अपघातानंतर नीट चालू शकत नव्हता. १८१८ साली, महाल पुरा होण्याआधीच, तो गेला.

हे सगळं मी ताईला जेवताना सांगितलं. तिने आमटी वाढली आणि विचारलं, "मग त्या मुलीला नुसत्या चित्रांचे किती द्यायचे?"

आकडा ठरवायला रात्रीचे अकरा वाजले. सुताराला फोन अजून केलेला नाही.