क्लिसाँचें घराणें आणि वैराचा वारसा

जमीनजुमल्याचा वारसा कागदावर नोंदला जातो. वैराचा वारसा नोंदीवांचूनच चालत येतो, आणि पुष्कळदां तोच अधिक काळ टिकतो. चौदाव्या शतकांतील ब्रिटनीचा सरदार ओलिव्हिए द क्लिसाँ यास हे दोन्ही वारसे मिळाले. त्यांपैकीं दुसऱ्याचें त्यानें काय केलें, हें पाहण्याजोगें आहे.

ब्रिटनी म्हणजे फ्रान्सच्या वायव्येस समुद्रांत शिरलेला प्रदेश. तेथील ड्यूक फ्रान्सच्या राजाचे मांडलिक म्हणवीत. परंतु समुद्रापलीकडच्या इंग्लंडशींही त्यांचे लागेबांधे असत. या प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, नांत शहरापासून जवळच, सेव्र नदीच्या कांठीं क्लिसाँचा किल्ला आहे. तेथें १३३६ सालीं ओलिव्हिएचा जन्म झाला.

पुढें पांचच वर्षांनीं ड्यूक तिसरा जॉन निपुत्रिक वारला, आणि गादीस दोन हक्कदार उभे राहिले. पुतणी झान व तिचा नवरा शार्ल द ब्ल्वा यांस फ्रान्सच्या राजानें उचलून धरलें. सावत्र भाऊ जॉन द माँफोर याची बाजू इंग्लंडनें घेतली. ओलिव्हिएचा बाप शार्लच्या, म्हणजे फ्रेंचांच्याच पक्षाचा. परंतु तो इंग्रजांस फितूर झाला असा आरोप राजा सहावा फिलिप यानें ठेवला, आणि २ ऑगस्ट १३४३ रोजीं पॅरिसच्या बाजारांत त्याचा शिरच्छेद करविला. मस्तक नांतच्या वेशीवर टांगण्यांत आलें. त्या वेळीं मुलगा सात वर्षांचा होता. आई झान द बेलव्हिल हिनें मुलांस तेथें नेऊन बापाचें मस्तक दाखविलें व सूडाची शपथ घेतली, अशी आख्यायिका आहे. तिनें जहाजें सज्ज करून फ्रेंचांस समुद्रावर सळो कीं पळो करून सोडलें, अशाही कथा सांगतात. घराण्याची मालमत्ता जप्त झाली, आणि ओलिव्हिए इंग्लंडच्या आश्रयास लहानाचा मोठा झाला. माँफोरचा मुलगा, पुढील ड्यूक चौथा जॉन, त्याचा तेथील सोबती.

२९ सप्टेंबर १३६४ रोजीं ओरे येथें निकराची लढाई झाली. शार्ल पडला, त्याचा नामांकित सेनानी बर्ट्रां द्यु गेक्लँ कैद झाला, आणि ब्रिटनीची गादी चौथ्या जॉनकडे गेली. क्लिसाँ जॉनच्या बाजूनें लढला व त्या रणांत त्यानें एक डोळा गमावला. परंतु ड्यूकनें गाव्ह्रचा किल्ला इंग्रज सेनानी चँडॉस यास बक्षीस दिला. इंग्रजाच्या शेजारापेक्षां सैतानाचा शेजार पत्करला, असे उद्गार काढून क्लिसाँनें तो किल्ला जाळला, असें सांगतात. मैत्री तुटली ती तेथें.

१३७० सालीं क्लिसाँनें द्यु गेक्लँशीं शस्त्रबंधुत्वाची शपथ घेतली. ओरे येथें समोरासमोर लढलेले हे दोन ब्रेटन आतां एकाच निशाणाखालीं आले. ज्या फिलिपनें बापाचा शिरच्छेद करविला, त्याच्याच नातवाची, राजा पांचवा शार्ल याची, चाकरी क्लिसाँनें पत्करली. इंग्रज कैद्यांस तो जीवदान देत नसे. म्हणून ‘खाटीक’ हें नांव त्यास कायमचें चिकटलें. १३८० सालीं द्यु गेक्लँच्या मागून तो फ्रान्सचा कॉन्स्टेबल झाला. कॉन्स्टेबल म्हणजे येथें पोलीस शिपाई नव्हे, राज्याचा सरसेनापति. पॅरिसमधील त्याच्या वाड्याचा दोन बुरुजांचा दरवाजा आजही उभा आहे.

जुन्या सोबत्याचें वैर मात्र वाढतच गेलें. १३८७ सालीं ड्यूकनें त्यास व्हान येथें पाहुणा म्हणून बोलाविलें व नवा किल्ला दाखवितां दाखवितां कैद केलें. एक लाख फ्रँक व अनेक किल्ले देऊन त्यानें सुटका करून घेतली. नंतर त्यानें आपली कन्या मार्गरिट ही शार्ल द ब्ल्वाच्या मुलास, म्हणजे ड्यूकच्या हाडवैऱ्यास दिली. १३९२ च्या जून महिन्यांत पॅरिसमध्यें रात्रीं पिएर द क्राँ यानें त्याच्यावर मारेकरी घातले. घोड्यावरून कोसळलेला क्लिसाँ एका भटारखान्याच्या दारांतून आंत पडला, म्हणून वांचला. हल्लेखोर ब्रिटनीकडे पळाला. त्यास शासन करण्यासाठीं तरुण राजा सहावा शार्ल सैन्यासह निघाला. परंतु ल मान्सजवळ त्यास एकाएकीं वेडाचा झटका आला, आणि त्यानें आपल्याच माणसांवर तलवार चालविली. सत्ता राजाच्या चुलत्यांकडे गेली. क्लिसाँचें पद गेलें, जबर दंड झाला, आणि तो आपल्या जॉसलँच्या किल्ल्यांत परतला.

१३९५ सालीं ड्यूकनें व त्यानें अखेर तह केला. चार वर्षांनीं ड्यूक वारला तेव्हां त्याचा वारस अवघा नऊ वर्षांचा होता. मार्गरिट बापाकडे धांवत आली, आणि ड्यूकच्या मुलांचा कांटा काढा, म्हणजे गादी माझ्या मुलांची होईल, असें सुचवूं लागली. तेव्हां म्हाताऱ्यानें भाला उचलून तिला दालनाबाहेर पिटाळलें, आणि जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला, अशी कथा बखरकारांनीं दिली आहे. कथेंतील तपशील कसाही असो. १३०० च्या शतकांत ज्यास ‘खाटीक’ म्हटलें, त्यानेंच १४०२ सालीं वैऱ्याच्या त्या मुलास, पांचव्या जॉनला, रेन येथें नाइटपदाची दीक्षा दिली, हें खरें. १४०७ सालीं जॉसलँ येथें त्याचा अंत झाला.

बापानें टाकलेलें वैर मार्गरिटनें मात्र उचललें. १४२० सालीं तिच्या मुलांनीं मेजवानीच्या मिषानें पांचव्या जॉनला पकडून कोंडलें. ड्यूक कांहीं महिन्यांत सुटला, आणि त्यांच्या जहागिरी जप्त झाल्या. दुसरी कन्या बेआट्रिस ही रोआन घराण्यांत दिलेली. तिला जॉसलँचा किल्ला मिळाला, आणि तो आजही त्या घराण्याच्या नांवावर आहे. एकाच बापाच्या या दोन मुली. एकीनें किल्ला घेतला, दुसरीनें वैर.