बाळंतपणाचा भत्ता : एका अटीचा इतिहास

बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आपल्या मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यामागे बाबासाहेबांचा आवाज होता, हेही सांगतो. पण या कायद्याच्या पोटात एक छोटी अट बसलेली आहे. तिच्याकडे आपल्या लेखनाचे लक्ष फारसे गेलेले नाही. भत्ता मागणाऱ्या बाईने त्याच मालकाकडे अमुक इतके दिवस काम केलेले असले पाहिजे, ही ती अट. बाईने आयुष्यात किती राबले हे कायदा विचारीत नाही. या मालकाच्या हजेरीपटावर तिचे किती दिवस लागले, एवढेच तो विचारतो. गरोदरपणी जिचे काम सुटले आणि जिने दुसरीकडे काम धरले, तिचे मागचे सगळे दिवस पाण्यात जातात.

माझी आजी मुंबईच्या गिरणीत सुताचा कचरा निवडायला जात असे. पहिल्या गिरणीत दोन वर्षे काढली. तिथल्या नायकिणीशी बिनसले आणि काम गेले. बायकांना कामावर घेणे-काढणे या नायकिणीच्या हाती असे. तिची मर्जी फिरली की दाद मागायला जागा नव्हती. मग आजीने दुसरी गिरणी धरली. पाच महिन्यांनी ती बाळंत झाली. ही १९५१ च्या सुमाराची गोष्ट. मुंबईच्या कायद्यात तेव्हा नऊ महिन्यांची अट होती. दोन वर्षे अधिक पाच महिने म्हणजे किती, हे आजीला बोटांवर मोजता येत होते. कचेरीतल्या कारकुनाने फक्त पाच मोजले. तेराव्या दिवशी आजी कामावर उभी राहिली. "बाळ माझं होतं, दिवस मात्र गिरणीचे होते," असे ती म्हणायची. घरातली पहिली पदवीधर म्हणून मी कायद्याची पुस्तके उघडली, तेव्हा कळले की कारकून खोटे बोलला नव्हता. कायदाच तसा होता.

ही अट आली कोठून? भत्त्याचा सगळा भार एकट्या मालकावर टाकला, तिथून. पैसे ज्याने द्यायचे तो विचारणारच, की या बाईने माझ्यासाठी किती दिवस काम केले? उद्या एखादी पोटुशी बाई येईल, चार दिवस काम करील आणि भत्ता घेऊन जाईल, ही मालकाची भीती. कायद्याने तिला आकड्याचे रूप दिले.

आता २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब काय म्हणाले ते पाहावे. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा बोजा मुख्यतः सरकारने उचलायला हवा, अशी त्यांची मांडणी होती. सरकार तयार नाही, म्हणून विधेयक अडवून धरणे त्यांना मान्य नव्हते. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा मालकालाही जबाबदारी झटकता येणार नाही, असे त्यांनी बजावले. या भाषणाचा उत्तरार्ध आपण लक्षात ठेवला. पूर्वार्ध विसरलो. आईची विश्रांती जर राष्ट्राचे काम असेल, तर ती आई या गिरणीत होती की त्या गिरणीत, या प्रश्नाला अर्थच उरत नाही.

या पूर्वार्धाला कायद्यात जागा मिळायला वीस वर्षे लागली. १९४३ मध्ये कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची आखणी प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवण्यात आली. तेव्हा केंद्रातले मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्या वाटेने १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्याचे श्रेय एकट्या कोणाला देण्याचे कारण नाही. पण त्यातला फरक मूलभूत आहे. इथे मालक आणि कामगार दोघेही वर्गणी भरतात आणि भत्ता विमा महामंडळ देते. बाळंतपणाच्या भत्त्यासाठी लगतच्या दोन वर्गणी-कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते, असा नियम आहे. हे ७० दिवस एकाच मालकाकडचे असावेत असे बंधन नाही. विमा क्रमांक बाईचा असतो. ती काम बदलते तेव्हा तो तिच्याबरोबर जातो. आजीला जे हवे होते ते हेच.

पण या योजनेच्या बाहेर राहिलेल्यांसाठी जुनी वाट कायम राहिली. १९६१ चा केंद्रीय प्रसूती कायदा पुन्हा मालकाच्या दारातले दिवस मोजू लागला. १६० दिवसांची अट १९८८ च्या दुरुस्तीने ८० वर आली. २०१७ मध्ये रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. खर्च मात्र मालकाच्याच माथी राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ८० दिवस आहेत, आणि तेही त्याच मालकाकडचे. १५ जूनला नव्या ठिकाणी रुजू झालेली बाई २० ऑगस्टला बाळंत व्हायची असेल, तर तिचे ८० दिवस भरत नाहीत. आधीच्या ठिकाणी तिने दहा वर्षे घालवलेली असली तरी नाही.

अट शिथिल करता येतच नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने १९६१ चाच कायदा वाचावा. बाहेरून आसामात आलेली आणि येतेवेळी गरोदर असलेली बाई या अटीतून मोकळी होती. आसामात बाहेरून मजूर येत ते चहाच्या मळ्यांवर, हे सर्वांना ठाऊक आहे. जिथे माणसे आणण्याची निकड होती, तिथे कायद्याला माणुसकी सुचली!

आणि काम बदलते कोण? सुशिक्षित बाई चांगल्या पगारासाठी बदलते. आपल्या वस्तीतली बाई बदलत नाही, तिचे काम बदलले जाते. शहराचा रस्ता झाडणारी बाई वर्षानुवर्षे तोच रस्ता झाडते. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, आणि कागदावर तिचा मालक नवा होतो. झाडू तोच, रस्ता तोच, दिवस मात्र पुन्हा एकापासून. दिल्ली महानगरपालिकेतल्या रोजंदारीवरच्या स्त्रियांना 'तुम्ही कायम नाही' म्हणून भत्ता नाकारला गेला, तेव्हा २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना तो हक्क आहे असे ठरवले. रोजंदारीचा अडसर त्या निकालाने दूर केला. दिवसांची अट तशीच राहिली.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली आजच्या कामाची. ठेक्यावरच्या प्रत्येक बाईने आपला विमा क्रमांक स्वतःजवळ ठेवावा. नव्या ठेकेदाराला तोच द्यावा, नवा काढू देऊ नये. वर्गणी खरोखर भरली जाते की नुसती पगारातून कापली जाते, हे वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी तपासून द्यावे. दुसरी गोष्ट मागणीची. सव्वीस आठवडे मिळाले म्हणून आपण टाळ्या वाजवल्या. पण आठवडे कितीही वाढले तरी दारातच अडवलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? बाईने कुठेही केलेले काम तिच्या नावावर मोजले गेले पाहिजे आणि भत्ता सार्वजनिक निधीतून आला पाहिजे. ही मागणी नवी नाही. १९२८ साली ती कायदेमंडळात मांडून झालेली आहे. आपण तिच्यातले अर्धेच उचलले, उरलेले अर्धे अजून तिथेच पडून आहे.