स्ट्रिंडबर्ग : संसार आणि साक्ष

ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग (१८४९–१९१२) या स्वीडिश नाटककार-कादंबरीकाराचे तीन विवाह झाले आणि तिन्ही मोडले. त्या संसारांचा इतिहास सांगताना चरित्रकारांनी दीर्घकाळ मुख्यतः त्याच्याच लेखनाचा आधार घेतला. परिणामी, पक्षकारच साक्षीदार आणि न्यायाधीश झाला.

सिरी फॉन एसेन ही सरदार घराण्यातली स्त्री. १८७५ मध्ये त्यांची ओळख झाली तेव्हा ती एका सेनाधिकाऱ्याची पत्नी होती. तिला रंगभूमीची ओढ होती. घटस्फोटानंतर तिने नट्यव्यवसाय स्वीकारला आणि १८७७ च्या अखेरीस स्ट्रिंडबर्गशी विवाह केला. स्वतःला ‘मोलकरणीचा मुलगा’ म्हणवणाऱ्या लेखकाच्या दृष्टीने या विवाहात वर्गसंघर्षाचे बीजही होते. १८९१ मध्ये हा विवाह संपुष्टात आला. तत्पूर्वी, १८८७-८८ मध्ये, त्याने फ्रेंच भाषेत ‘एका वेड्याचे आत्मसमर्थन’ ही कादंबरी लिहिली. तीत निवेदक अॅक्सेल आपली पत्नी मारिया हिच्यावर व्यभिचारापासून अनेक आरोप करतो. वाचकांनी मारियाच्या जागी सिरीला पाहिले.

येथे समीक्षेची गफलत होते. शीर्षकातच निवेदकाच्या वेडाची कबुली आहे. तरीही कादंबरीला दस्तऐवजाचा मान मिळाला. शिवाय १८९५ च्या फ्रेंच आवृत्तीवर परक्या हाताचे संस्कार झाले होते आणि मूळ हस्तलिखित १९७३ मध्ये ऑस्लो येथे सापडले. म्हणजे ज्या संहितेवरून सिरीचा निवाडा झाला, तीही पूर्णपणे लेखकाची नव्हती.

याच काळातली नाटके वेगळी साक्ष देतात. ‘द फादर’ (१८८७) मध्ये कॅप्टनला मुलीच्या पितृत्वाविषयी संशय छळतो. परंतु रंगमंचावर लॉराही बोलते, आणि मुलीवरील आईच्या हक्काचा तिचा प्रश्न अनुत्तरित राहत नाही. ‘मिस ज्युली’चा पहिला प्रयोग १८८९ मध्ये कोपनहेगन येथे सेन्सॉरच्या बंदीमुळे खाजगीरीत्या झाला, ज्युलीची भूमिका सिरीनेच केली. कादंबरीने जिचा आवाज हिरावून घेतला, तिला नाटकाने शरीर आणि वाणी दिली. स्त्रीद्वेष्टा म्हणून गाजलेल्या लेखकाला नाट्यप्रकाराने जणू स्वतःविरुद्ध लिहावयास लावले.

ऑस्ट्रियन पत्रकार फ्रीडा ऊल हिच्याशी १८९३ मध्ये झालेला दुसरा विवाह अल्पजीवी ठरला. त्यानंतरच्या मानसिक अरिष्टातून ‘इन्फर्नो’ (१८९७) जन्मले. १९०१ मध्ये नटी हॅरिएट बॉस्से हिच्याशी विवाह झाला. १९०४ मध्ये तोही संपला. परंतु त्याच १९०१ साली ‘ड्रीम प्ले’ आकारास आले. मनुष्यांची दुःखे जाणण्यासाठी पृथ्वीवर उतरणारी त्यातली नायिका साक्षात इंद्राची कन्या आहे. भारतीय पुराणकथांतले हे नाव युरोपीय आधुनिक नाटकात येते तेव्हा ते अभियोगाचे नव्हे, करुणेचे वाहन होते. १९०७ च्या पहिल्या प्रयोगात ही भूमिका केली ती हॅरिएटने, घटस्फोटानंतर.

सिरीने आपली बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये ती वारली. काही आठवड्यांनी, १४ मे रोजी, स्ट्रिंडबर्ग गेला. आईची कैफियत मांडली ती मुलगी कारीन हिने, १९२५ मध्ये. लेखकाच्या आत्मकथनापुढे ही साक्ष गौण मानली गेली, यात दोष केवळ स्ट्रिंडबर्गचा नाही. आत्मकथनाला सत्याचा पर्याय मानणाऱ्या वाचनपद्धतीचाही तो आहे.