आधी कान, मग दाब: प्रस्तावना

हायपरबॅरिक ऑक्सिजन चिकित्सेच्या चेंबरचे दार लागते, हवेचा दाब चढू लागतो आणि त्याची पहिली वर्दी रुग्णाला कान देतो. घाट उतरताना कानाला दडे बसतात, तसेच हे. मात्र इथे दाब काही मिनिटांतच दुपटीच्या पुढे जातो. मधुमेही पायाच्या चिघळलेल्या जखमेपासून पाणबुड्यांच्या बेंड्सपर्यंत अनेक व्याधींत ही चिकित्सा वापरतात. मध्यकर्णाची दाबजन्य इजा, म्हणजे बॅरोट्रॉमा, हा तिचा सर्वाधिक आढळणारा दुष्परिणाम.

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते. तिला घशाशी जोडणारी युस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की क्षणभर उघडते. बाहेरचा दाब वाढत असताना ती उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो, अस्तर सुजते, रक्त साकळते. दाबातला फरक पाऱ्याच्या सुमारे 90 मिलिमीटरवर गेला की नलिका जणू कुलूपबंद होते आणि कितीही आवंढे गिळले तरी उघडत नाही. दाब 1 वरून 2 वातावरणांवर जाताना कोंडलेल्या हवेचे आकारमान निम्मे होते. 2 वरून 3 वर जाताना ते निम्म्यावरून एक-तृतीयांशावर येते. म्हणून खरी कसोटी सुरुवातीलाच असते.

नाक दाबून, तोंड मिटून हवा फुंकण्याची युक्ती इटलीच्या अंतोनिओ वाल्साल्वा यांनी 1704 साली कानावरील ग्रंथात मांडली, तीही कानातला पू बाहेर काढण्यासाठी. ती हळुवारच करायची असते; जोर लावला तर अंतर्कर्णालाही इजा होऊ शकते. पडद्याची पाहणी करून इजेची प्रतवारी लावण्याची पद्धत 1944 मध्ये अमेरिकी नौदलातील टीड यांनी पाणबुडीवरील सैनिकांच्या अभ्यासातून दिली. तिची सुधारित रूपे आजही वापरात आहेत.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग इथे फार. रेडिएशननंतर जबड्याचे हाड निकामी होऊ लागलेल्या काही रुग्णांना ही चिकित्सा देतात, आणि त्याच रेडिएशनने त्यांची नलिकाही दुबळी झालेली असू शकते. ज्याला चेंबरची गरज, त्याचाच कान दाबाला कच्चा. बेशुद्ध रुग्ण किंवा तान्हे मूल तर दुखते हे सांगूही शकत नाही. अशा वेळी पडद्याला छेद देण्याचा किंवा ग्रोमेट बसवण्याचा विचार आधीच करावा लागतो.

पडदा फाटला तरी बहुधा आपोआप भरून येतो, म्हणून ही इजा किरकोळ मानण्याची सवय पडते. पण कानाच्या दुखण्याला कंटाळून रुग्ण उपचार अर्धवट सोडतो, तेव्हा मूळ जखम तशीच राहते. यातल्या बहुतेक इजा टाळता येतात. त्यासाठी पहिल्या सत्राआधी कानात डोकावून पाहा, सर्दी आहे का विचारा, कान मोकळा करण्याची रीत बाहेरच शिकवा, दाब सावकाश चढवा. आणि रुग्णाने हात वर केला, की वेळापत्रकाचा विचार न करता दाब तिथेच थांबवा.