निवृत्त लष्करी प्रशिक्षण विमाने : मालकी, उड्डाण आणि जबाबदारी

चेन्नईच्या नैर्ऋत्येस असलेले ओरगडम हे मोटारी, मालमोटारी आणि दुचाकी वाहनांच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखले जाते. त्याच्या जवळच वल्लम वडगल येथे विमान उद्योगासाठी औद्योगिक वसाहत विकसित करण्यात आली आहे. याच परिसरातील तांबरम येथे भारतीय हवाई दलाची उड्डाण प्रशिक्षक शाळा १९५४ पासून कार्यरत आहे. वैमानिकांना शिकवणारे प्रशिक्षक येथे घडतात. सेवेतून बाद झाल्यावर प्रशिक्षण विमानांचे पुढे काय होते आणि एखादा नागरिक असे विमान विकत घेऊन उडवू शकतो का, याविषयीची ही माहिती.

निवृत्तीनंतरचा प्रवास

लष्करी सेवेतून काढलेली बहुतेक विमाने भंगारात जातात. काही संग्रहालयांत, चौकांत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आवारात उभी केली जातात. तांबरमशेजारच्या क्रोमपेट येथील मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अशी दोन निवृत्त विमाने ठेवलेली होती. तेथे शिकलेले माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी आपल्या आत्मचरित्रात या विमानांच्या आकर्षणाचा उल्लेख केला आहे. पुन्हा आकाशात झेपावण्याचे भाग्य मात्र फार थोड्या विमानांना लाभते.

मराठी अभियंत्याचे विमान

स्वतंत्र भारताचे पहिले स्वदेशी प्रशिक्षण विमान एचटी-२ हे होय. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीत त्याचा आराखडा तयार झाला. डॉ. घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगन येथे वायुगतिशास्त्राचे आचार्य लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले होते. ऑगस्ट १९५१ मध्ये या विमानाने पहिले उड्डाण केले. पुढे १५० हून अधिक विमाने बांधली गेली. हवाई दल व नौदलाबरोबरच नागरी उड्डाण प्रशिक्षण संस्थांनाही ती मिळाली. शिकाऊ आणि प्रशिक्षक पुढे-मागे बसत. विमानाचा सांगाडा धातूचा होता. डॉ. घाटगे यांना १९६५ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

या विमानात ब्लॅकबर्न सिरस मेजर हे १५५ अश्वशक्तीचे ब्रिटिश इंजिन होते. ते बनवणारी कंपनी १९६० च्या सुमारास दुसऱ्या उद्योगसमूहात विलीन झाली. जुने विमान चालते ठेवू पाहणाऱ्यांपुढील मुख्य अडचण हीच असते. सांगाडा टिकतो, पण इंजिनाचे सुटे भाग बाजारातून नाहीसे होतात.

परदेशातील स्थिती

ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात अशा विमानांची खासगी मालकी नित्याची आहे. १९३१ मध्ये प्रथम उडालेले टायगर मॉथ, ब्रिटिश हवाई दलाने १९९६ पर्यंत वापरलेले चिपमंक, अमेरिकी हार्वर्ड आणि रोमानियात बांधलेले याक-५२ ही त्यांपैकी लोकप्रिय विमाने होत.

विमानागणिक देखभालीचे स्वरूप बदलते. टायगर मॉथचे पंख लाकूड व कापडाचे असल्याने ओलावा आणि सांध्यांतील डिंक यांकडे लक्ष द्यावे लागते. त्याचा पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करतात. याक-५२ मध्ये इंजिन सुरू करणे, चाके आत घेणे आणि ब्रेक लावणे ही कामे दाबाखालील हवेवर होतात. त्यामुळे हवेची गळती हा तेथे नित्याचा शत्रू असतो.

धातूचा थकवा

प्रशिक्षण विमानाचे आयुष्य कष्टाचे असते. वारंवार उतरणे, गिरक्या आणि कोलांट्या यांमुळे पंखातील मुख्य तुळईवर, म्हणजे स्पारवर, ताण साठत जातो. बाहेरून नवा रंग दिलेल्या विमानात आतील तडा दिसत नाही.

अमेरिकेत टी-३४ मेंटर या विमानाने हा धडा दिला. लुटुपुटीच्या हवाई लढाईचा अनुभव पैसे घेऊन देणाऱ्या उड्डाणांत १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यात एका विमानाचा पंख हवेतच तुटला. त्यानंतर स्पारची तपासणी सक्तीची झाली. तरीही २००३ आणि २००४ मध्ये टेक्सास राज्यात असेच अपघात घडले. ब्रिटनमध्ये शोरहॅम येथे २०१५ साली हॉकर हंटर हे दुआसनी जेट विमान प्रात्यक्षिकादरम्यान रस्त्यावर कोसळून ११ जणांचा मृत्यू झाला. हे सर्व जण जमिनीवर होते. जुन्या विमानाचा छंद हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही, हे त्यावरून स्पष्ट होते.

भारतातील नियम

भारतात प्रत्येक नागरी विमानाची नोंदणी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे होते व त्यावर ‘व्हीटी’ ही अक्षरे असतात. १९३४ च्या कायद्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे. नोंदणीखेरीज उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, विमा आणि रेडिओ संचाचा परवाना आवश्यक असतो. लष्करासाठी बनलेल्या अनेक विमानांना नागरी प्रकार-मान्यता नसते. त्यामुळे त्यांना नेहमीचे उड्डाणयोग्यता प्रमाणपत्र मिळणे कठीण असते. खासगी वैमानिक परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पूर्ण असावी लागतात. किमान ४० तासांचे उड्डाण आणि वैद्यकीय तपासणीही आवश्यक असते.

म्हणूनच भारतात हा वारसा मुख्यतः हवाई दलानेच जपला आहे. दुरुस्त केलेले टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे पुन्हा उडाले. खासगी पुढाकाराचे उदाहरण २०१८ मधील आहे. राजीव चंद्रशेखर यांनी ब्रिटनमध्ये स्वखर्चाने दुरुस्त करून घेतलेले डाकोटा हे मालवाहू विमान हवाई दलाला भेट दिले. त्यांचे वडील हवाई दलात डाकोटाचे वैमानिक होते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

० विमानाच्या जन्मापासूनच्या नोंदवह्या पूर्ण आहेत का? नोंदीतील खंड हा धोक्याचा इशारा समजावा.
० स्पारची शेवटची तपासणी कधी व कोणत्या पद्धतीने झाली?
० इंजिनाचे किती तास शिल्लक आहेत आणि सुटे भाग कोठून मिळणार?
० त्या प्रकारावर काम करण्यास पात्र असा परवानाधारक अभियंता उपलब्ध आहे का?
० त्याच प्रकारावर शिकवू शकणारा प्रशिक्षक मिळेल का?

यांपैकी शेवटचे दोन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे ठरतात. सुटा भाग नव्याने घडवता येतो. एचटी-२ सारखे विमान हाताळलेल्या तंत्रज्ञांचे व वैमानिकांचे ज्ञान मात्र त्यांच्याबरोबरच निघून जाते. ते वेळीच लिहून ठेवले नाही, तर उरलेली विमाने केवळ चौथऱ्यांवरच पाहावी लागतील.