होकायंत्राची चूक आणि खोटा वारा



वारा डोळ्यांनीं दिसत नाहीं; तो अनुमानानें ओळखावा लागतो. विमानाचें नाक कोणीकडे आहे हें होकायंत्र सांगतें, हवेंतील वेग वेगमापक सांगतो. त्यावरून विमान कोठें असावयास हवें हें काढावयाचें, आणि जमिनीवरील खुणांवरून तें प्रत्यक्ष कोठें आहे हें पहावयाचें. या दोहोंतील फरक म्हणजे वारा. अर्थात् होकायंत्र चुकलें कीं वाराहि चुकला. आजच्या विमानांतील यंत्रेंहि मुळांत हीच वजाबाकी करतात.

फळ्यावरचें एक उदाहरण घेऊं. वारा मुळींच नाहीं. विमानाचा वेग ताशीं 240 मैल. होकायंत्र उत्तर दाखवितें, पण नाक 5 अंश पूर्वेकडे कललेलें आहे. तासाभरानें विमान सुमारें 21 मैल पूर्वेस सरकलेलें आढळेल, आणि बिचारा वाटाड्या लिहील, ‘पश्चिमेचा वारा, ताशीं 21 मैल.’ परततांना तीच चूक कायम राहिली, तर तो पूर्वेचा वारा लिहील! खरा वारा विमानाबरोबर वळत नाहीं, खोटा वळतो. हीच त्याची ओळख.

हें दुखणें मूळचें जहाजांचें. 1801 ते 1803 या काळांत ऑस्ट्रेलियाचा किनारा मोजतांना मॅथ्यू फ्लिंडर्स यांना आढळलें कीं, जहाजाचें तोंड फिरलें कीं सुईची चूकहि बदलते. कारण जहाजावरील लोखंड. पुढें मॉरिशस बेटांत ते फ्रेंचांच्या अटकेंत असतांना, 1805 सालीं, त्यांचा हा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. 1838 सालीं एअरी यांनीं ‘रेनबो’ या लोखंडी आगबोटींत लोहचुंबक बसवून ही चूक सुधारली. विमानांतहि लोखंड व विजेच्या तारा आहेतच. म्हणून विमान जमिनीवर निरनिराळ्या दिशांकडे फिरवून चुकांचा तक्ता करूं लागले.

आतां उलट बाजू पहा. 24 मार्च 1944 च्या रात्रीं ब्रिटिश विमानें बर्लिनवर निघालीं. निवडक वाटाड्ये वारा मोजून तारायंत्रानें कळवीत होते. वेग निघाला ताशीं शंभर मैलांहून अधिक! असा वारा असेल कसा, म्हणून आंकडे कमी करण्यांत आले. वारा मात्र खरा होता. विमानें दक्षिणेकडे वाहवत जाऊन पांगलीं, कित्येक तोफांच्या माऱ्यांत सांपडलीं. 811 पैकीं 72 गमावलीं.

उत्तर पुस्तकाशीं जुळेना म्हणून आंकडा खोडणारीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं. त्यांना सांगे तेंच येथें सांगतों: शंका आली तर यंत्र तपासावें, वळून पुन्हां मोजावें, पण आंकडा आपल्या समजुतीच्या मापानें कापूं नये.